काडतुसाच्या बुडातली टोपी आणि हायरम बर्डन: अमेरिकन नेमबाजाचा शोध जगभर गेला, पण अमेरिकेतच मागे का पडला?

बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास येतं. गोळीबार झाला आणि पोलिसांनी घटनास्थळावरून रिकाम्या पुंगळ्या जप्त केल्या. सोबतच्या फोटोत पितळेची छोटी नळकांडी दिसतात. त्यातलं एखादं उलटं पडलेलं असेल तर त्याच्या बुडाला मधोमध एक गोल चकती आणि त्या चकतीत एक खोलगट खूण दिसते.

ती चकती म्हणजे प्रायमर. पिस्तुलाच्या काडतुसात तिचा व्यास जेमतेम साडेचार ते साडेपाच मिलिमीटर असतो. घोडा पडला की फायरिंग पिन तिच्यावर आदळते, आतलं रसायन पेटतं, ठिणगी दारूपर्यंत जाते आणि गोळी सुटते. बंदूक कितीही महागडी असली तरी हा इवलासा तुकडा पेटला नाही तर तिचा उपयोग लोखंडाच्या दांडक्याइतकाच.

जगात या प्रायमरचे मुख्य प्रकार दोन. एक बर्डन आणि दुसरा बॉक्सर. ही दोन माणसांची आडनावं आहेत. बर्डन अमेरिकेचा, बॉक्सर इंग्लंडचा. गंमत अशी की आज अमेरिकेत चालतो तो इंग्रज बॉक्सरचा प्रायमर, आणि युरोप-आशियातल्या लष्करी काडतुसांमध्ये वर्षानुवर्षं चालत आला तो अमेरिकन बर्डनचा. ही अदलाबदल कशी झाली हे समजून घ्यायचं तर हायरम बर्डन या माणसाची गोष्ट बघावी लागते. तो उत्तम नेमबाज होता, हुशार इंजिनिअर होता, आणि त्याच्या हाताखालच्या अनेकांना तो अजिबात आवडत नव्हता.

ब्रेडच्या यंत्रापासून सुरुवात

हायरम बर्डनचा जन्म ६ सप्टेंबर १८२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेल्प्स या गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब मिशिगनमध्ये राहायला गेलं. मोठा झाल्यावर तो यंत्रांच्या कामात शिरला आणि न्यूयॉर्क शहरात मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून त्याचा जम बसला.

त्याचे सुरुवातीचे शोध बंदुकीचे नव्हते. खनिजातून सोनं वेगळं काढण्यासाठी दगड भरडणारं यंत्र त्याने तयार केलं. पीक कापणाऱ्या यंत्रावर काम केलं. हाताऐवजी यंत्राने ब्रेड तयार करणारी बेकरीसुद्धा उभारली. त्या काळात अमेरिकेत पेटंट काढून श्रीमंत होणाऱ्यांची एक पिढीच तयार होत होती, बर्डन त्यातलाच. पैसा आला, नाव झालं.

याच्या जोडीला त्याला एक नाद होता, रायफलने नेम धरण्याचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा देशातल्या सर्वोत्तम नेमबाजांमध्ये त्याची गणना होत होती. त्या वेळी तो ३६ वर्षांचा होता.

हिरव्या गणवेशाची पलटण

युद्ध सुरू झाल्यावर बर्डनने सरकारपुढे एक कल्पना मांडली. त्या काळचे सैनिक खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहायचे आणि समोरच्या रांगेवर एकदम गोळ्या झाडायचे. त्याऐवजी देशभरातले निवडक नेमबाज एकत्र करावेत, ते विखरून, झाडाझुडपांच्या आडून, एकेक लक्ष्य हेरून मारा करतील, असं त्याचं म्हणणं होतं. परवानगी मिळाली आणि उत्तरेकडच्या वेगवेगळ्या राज्यांतून माणसं निवडली जाऊ लागली.

निवड कडक होती. २०० यार्डांवरून, म्हणजे साधारण १८३ मीटरवरून, बंदुकीला टेकू देऊन लागोपाठ १० गोळ्या मारायच्या. प्रत्येक गोळी लक्ष्याच्या मध्यापासून किती दूर लागली ते मोजायचं, आणि दहाही अंतरांची बेरीज ५० इंचांच्या आत आली पाहिजे. म्हणजे सरासरी ५ इंच. तेही त्या काळच्या बंदुकांनी. अशा परीक्षेतून दोन रेजिमेंट उभ्या राहिल्या, पहिली आणि दुसरी युनायटेड स्टेट्स शार्पशूटर्स. बाकी सैन्य निळ्या गणवेशात असताना हे लोक झाडीत मिसळून जाण्यासाठी हिरवा गणवेश घालायचे.

वॉशिंग्टनजवळच्या त्यांच्या तळावर खुद्द राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन नेमबाजी बघायला आले होते. लिंकन यांनी स्वतःही तिथे बंदूक चालवून पाहिली. या भेटीचा बर्डनला फायदा झाला, कारण त्याचं एका बड्या अधिकाऱ्याशी वाजलेलं होतं.

भांडण कशाचं होतं?

तेव्हाची साधी बंदूक भरायची पद्धत आठवा. कोकणात किंवा सह्याद्रीच्या गावांमध्ये ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली असेल त्यांना ती लगेच कळेल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. मग बंदूक उचलून मागच्या बाजूला, घोड्याखालच्या छोट्या नळीवर, एक तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की टोपी पेटते आणि आतली दारू उडते. तरबेज सैनिक मिनिटाला तीनेक गोळ्या मारू शकायचा, आणि हे सगळं बहुतेक वेळा उभं राहूनच करावं लागायचं.

आडोशाला पालथं पडलेल्या नेमबाजाला हे कसं जमणार? म्हणून बर्डनच्या माणसांना मागून भरता येणारी शार्प्स रायफल हवी होती. लष्कराचा शस्त्रविभाग सांभाळणारे जेम्स रिपली यांचा अशा वेगळ्या बंदुकांना विरोध होता. वेगवेगळ्या बंदुका म्हणजे वेगवेगळा दारूगोळा, वेगवेगळे सुटे भाग आणि जास्त खर्च, असा त्यांचा हिशेब. तो अगदीच चुकीचा नव्हता. पण सैनिक हट्टाला पेटले होते.

मधल्या काळात त्यांना कोल्टच्या फिरत्या चेंबरच्या रायफली देण्यात आल्या. त्यांची मोठी अडचण अशी होती की एक चेंबर पेटलं की कधीकधी ठिणगी शेजारच्या चेंबरमध्ये जायची आणि न झाडलेल्या गोळ्याही सुटायच्या. पुढे धरलेल्या हाताचं काय होईल याची कल्पना करा. अखेर १८६२ मध्ये २,००० शार्प्स रायफलींची ऑर्डर पूर्ण झाली आणि हव्या त्या बंदुका हातात आल्या.

पण शार्प्सचंही काडतूस कागदाचं किंवा कापडाचं होतं. दारू आणि गोळी एकत्र, पण पेटवणारी टोपी वेगळीच. थंडीत बोटं बधिर झाली, पावसात टोपी भिजली किंवा घाईत हातातून निसटली, की गोळी नाही. दारू, गोळी आणि टोपी हे तिन्ही एकाच धातूच्या नळकांड्यात कसं बसवायचं, हा त्या काळच्या शस्त्रकारांपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

नेम चांगला, पण सेनापती?

बर्डनच्या शार्पशूटर्सनी मोठं नाव कमावलं. १८६२ च्या व्हर्जिनिया मोहिमेपासून चान्सलर्सव्हिलपर्यंत ते लढले. २ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईत त्यांचं सुमारे १०० जणांचं पथक आणि मेन राज्याची एक रेजिमेंट पिट्झर्स वुड्स या रानात टेहळणीसाठी शिरली. तिथे त्यांची गाठ अलाबामाच्या सैन्याशी पडली. बरेच सैनिक गमावून ते मागे आले, पण शत्रू त्या बाजूला जमतोय ही खबर घेऊन आले.

बर्डनबद्दल मात्र त्याच्याच अधिकाऱ्यांमध्ये दोन मतं होती. गोळ्यांच्या माऱ्यात तो फारसा दिसत नाही, स्वतःची जाहिरात जास्त करतो, अशी कुजबुज चालायची. स्विस वंशाचा अनुभवी अधिकारी कॅस्पर ट्रेप आणि बर्डन यांच्यात तर उघड वैर होतं. हा ट्रेप नोव्हेंबर १८६३ मध्ये माइन रनच्या मोहिमेत मारला गेला. बर्डनने जानेवारी १८६४ मध्ये राजीनामा दिला. युद्ध अजून सव्वा वर्ष चालणार होतं. पुढे त्याला मानद जनरल हा हुद्दा मिळाला आणि आयुष्यभर तो जनरल बर्डन म्हणूनच वावरला.

सैनिक म्हणून त्याचं मोजमाप इतिहासकार आजही वेगवेगळं करतात. शोधक म्हणून मात्र त्याचं मोठं काम अजून व्हायचं होतं.

१८६६: एकाच वर्षात दोन उत्तरं

धातूची काडतुसं तोवर आली होती. १८५७ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनने छोटं रिमफायर काडतूस बाजारात आणलं होतं. त्यात पेटणारं रसायन पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेलं असायचं. घोडा कडेवर पडला की ती चेपायची आणि रसायन पेटायचं. आजचं पॉइंट टू टू काडतूस याच जातीचं. पण कड चेपली जावी म्हणून धातू पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ धातू जास्त दाब सहन करत नाही. शिवाय एकदा कड चेपली की पुंगळी भंगारात. ती पुन्हा भरता येत नाही.

बर्डनने वेगळा रस्ता धरला. पुंगळीच्या बुडाला मधोमध एक छोटा खळगा. त्यात बाहेरून टोपी दाबून बसवायची. खळग्याच्या तळाशी पुंगळीच्याच धातूचा एक लहानसा उंचवटा. फायरिंग पिन टोपीवर आदळली की रसायन या उंचवट्यावर चिरडलं जातं. लोहाराच्या ऐरणीवर जसा घण पडतो तसं. म्हणून या उंचवट्याला ऐरण म्हणतात. ऐरणीशेजारच्या भोकातून ठिणगी दारूकडे जाते. या रचनेचं पेटंट त्याला २० मार्च १८६६ रोजी मिळालं.

सुरुवातीला एक अडचण आली. पुंगळी तांब्याची होती. टोपी दाबून बसवली की तांबं फुगायचं आणि काडतूस बंदुकीत नीट बसायचं नाही. बर्डनने तांब्याऐवजी पितळ घेतलं, टोपी बसवण्याची पद्धत बदलली आणि २९ सप्टेंबर १८६८ ला सुधारित रचनेचं दुसरं पेटंट मिळवलं. त्यानंतर गेल्या दीडशे वर्षांत बर्डन प्रायमरच्या मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये वुलिचच्या शस्त्रागारात एडवर्ड मुनिये बॉक्सर हा तोफखान्याचा अधिकारी याच कोड्यावर काम करत होता. तो तिथल्या रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख होता. बुडणाऱ्या जहाजांवरच्या लोकांपर्यंत दोर पोचवणारं रॉकेट ही त्याची आणखी एक कामगिरी. बॉक्सरने आपल्या प्रायमरचं इंग्लंडमधलं पेटंट १३ ऑक्टोबर १८६६ ला घेतलं, म्हणजे बर्डननंतर सात महिन्यांच्या आत. अमेरिकेतलं पेटंट त्याला २९ जून १८६९ रोजी मिळालं.

बॉक्सरच्या रचनेत फरक एकच, पण महत्त्वाचा. त्याने ऐरण पुंगळीतून काढली आणि टोपीच्या आत एक सुटा छोटा तुकडा म्हणून बसवली. त्यामुळे पुंगळीच्या खळग्यात मध्यभागी एकच भोक पुरलं.

या एका भोकाने काय फरक पडतो?

काडतूस एकदाच वापरून फेकायचं असेल तर जवळजवळ काहीच नाही. दोन्ही प्रायमर तितक्याच भरवशाने पेटतात. बाहेरून बघून बर्डन कुठला आणि बॉक्सर कुठला हे ओळखताही येत नाही. रिकाम्या पुंगळीच्या तोंडातून प्रकाश टाकून आत बघावं लागतं. तळाशी मधोमध एक भोक दिसलं तर बॉक्सर. मध्ये उंचवटा आणि त्याच्या बाजूला दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन.

फरक पडतो तो पुंगळी पुन्हा भरताना. अमेरिकेसारख्या देशांत हजारो नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून त्या घरी पुन्हा भरतात. याला रीलोडिंग म्हणतात. काडतुसात सगळ्यात महाग भाग पितळेची पुंगळी, आणि नीट जपली तर ती अनेकदा वापरता येते. त्यासाठी पहिलं काम म्हणजे जळलेला जुना प्रायमर बाहेर काढणं.

बॉक्सर पुंगळीत हे एका झटक्यात होतं. पुंगळीच्या तोंडातून एक पिन आत घालायची, ती मधल्या भोकातून जाते आणि प्रायमरला मागून ढकलून बाहेर काढते. बर्डन पुंगळीत तीच पिन ऐरणीवर आदळते आणि वाकते किंवा तुटते. भोकं बाजूला असतात आणि बारीकही. म्हणून बर्डन प्रायमर काढायचा तर बाहेरून आकडीसारख्या हत्याराने उचकटावा लागतो किंवा पुंगळीत पाणी भरून दाबाने ढकलावा लागतो. एकेका पुंगळीला वेळ जातो आणि ऐरणीला धक्का लागला तर पुंगळी वाया.

मग बर्डनचा फायदा काय? तो कारखान्याच्या बाजूने आहे. बर्डन टोपीत ऐरणीचा सुटा तुकडा नसतो. म्हणजे कोट्यवधी प्रायमर तयार करताना प्रत्येकात एक भाग कमी. ऐरण बसवायची राहिली किंवा तिरकी बसली, ही शक्यताच नाही. ज्या लष्कराला रिकाम्या पुंगळ्या रणांगणावरच सोडून पुढे जायचं आहे, त्याच्यासाठी हे सोयीचं. बॉक्सरमध्ये प्रायमर किचकट पण पुंगळी सोपी, बर्डनमध्ये प्रायमर सोपा पण पुंगळी किचकट, असा हा सौदा आहे.

अमेरिकेत घरोघरी पुंगळ्या भरणारे शिकारी आणि नेमबाज मोठ्या संख्येने होते. त्यांच्यामुळे तिथे बॉक्सर जिंकला. युरोपात गिऱ्हाईक मुख्यतः लष्कर होतं, तिथे बर्डन टिकला. खुद्द ब्रिटिश लष्करसुद्धा पुढे आपल्या माणसाला सोडून बर्डनकडे गेलं. त्यांच्या प्रसिद्ध पॉइंट थ्री नॉट थ्री रायफलीची लष्करी काडतुसं बर्डन पद्धतीची होती.

हे नाव महाराष्ट्राला परकं नाही. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे बॉक्सरला अमेरिकन पेटंट मिळालं त्याच वर्षी. पुढे थ्री नॉट थ्रीची काडतुसं याच कारखान्यात बनत राहिली. थ्री नॉट थ्री खांद्यावर घेतलेला पोलीस तर मराठी माणसाने कालपरवापर्यंत पाहिलेला आहे.

रशियात नाव झालं

बर्डनने फक्त प्रायमर नाही, बंदुकाही तयार केल्या. जुन्या ठासणीच्या बंदुका मागून भरता येतील अशा बदलण्याची त्याची पद्धत स्पेनने १८६७ मध्ये स्वीकारली. पण खरं गिऱ्हाईक मिळालं रशिया.

क्रिमियाच्या युद्धात मार खाल्ल्यावर रशियाला नव्या बंदुका हव्या होत्या. झारने अलेक्झांडर गोर्लोव्ह आणि कॉन्स्टंटिन गुनिउस या दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेत पाठवलं. त्यांनी बर्डनची रायफल निवडली आणि तिच्यात स्वतः बऱ्याच सुधारणा केल्या. कोल्टच्या हार्टफर्ड इथल्या कारखान्यात अशा सुमारे ३०,००० रायफली बनल्या. काडतुसांचं काम कनेक्टिकटमधल्या युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीकडे होतं. तिथली यंत्रं सांभाळणारा आल्फ्रेड हॉब्ज हाही एक वल्ली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी, कुणालाच उघडत नाहीत म्हणून मिरवली जाणारी इंग्लिश कुलपं उघडून दाखवणारा माणूस तो हाच.

पुढे बर्डनने नवी, बोल्टने बंद होणारी रायफल दिली. १८७० चं हे दुसरं मॉडेल आधी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला बनलं आणि नंतर रशियाच्या तुला, इझेव्स्क आणि सेस्त्रोरेत्स्क इथल्या कारखान्यांत. दहा लाखांहून जास्त रायफली तयार झाल्या. १८९१ मध्ये मोसिनची रायफल येईपर्यंत रशियन सैनिकाचं हेच मुख्य हत्यार होतं. सैन्यातून काढल्यावर त्या शिकाऱ्यांना आणि पहारेकऱ्यांना मिळाल्या. रशियन भाषेत तिला बर्दांका म्हणतात, आणि हा शब्द तिथे जुन्यापुराण्या बंदुकीसाठीच रूढ झाला. अकिरा कुरोसावांचा देर्सू उझाला हा सिनेमा ज्या पुस्तकावरून आला, त्यातला सैबेरियाच्या जंगलातला म्हातारा शिकारीसुद्धा बर्दांकाच बाळगतो.

स्वतःच्याच सरकारवर दावा

परदेशात मान मिळत असताना स्वतःच्या देशात मात्र बर्डन कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. अमेरिकन लष्कराने यादवी युद्धानंतर स्प्रिंगफिल्ड रायफलींना वर उघडणारं झाकण बसवून त्या मागून भरता येतील अशा केल्या. या रचनेत आपल्या पेटंटमधल्या कल्पना फुकट वापरल्या, असा बर्डनच्या कंपनीचा आरोप होता. खटला वर्षानुवर्षं चालला. दाव्याचा काही भाग मान्य झाला, भरपाईही मंजूर झाली. पण सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १८९५ मध्ये आणि तो ऐकायला बर्डन जिवंत नव्हता.

मधली बरीच वर्षं त्याने युरोपात आणि तुर्कस्तानात काढली. पाण्याखालून जाणारा टॉर्पेडो, तोफेच्या लक्ष्याचं अंतर मोजणारं यंत्र, तोफगोळ्याचे फ्यूज, असं काहीबाही तो शेवटपर्यंत जुळवत राहिला. त्याच्या घराण्याचा एक धागा भारतापर्यंतही येतो. त्याची मुलगी एलिझाबेथ हिने १८८४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला कादंबरीकार फ्रान्सिस मॅरियन क्रॉफर्ड याच्याशी लग्न केलं. हा क्रॉफर्ड त्याआधी अलाहाबादच्या इंडियन हेरल्ड या वृत्तपत्राचा संपादक होता आणि सिमल्यात घडणारी मिस्टर आयझॅक्स ही त्याची कादंबरी १८८२ मध्ये गाजली होती.

३१ मार्च १८९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये हायरम बर्डनचा मृत्यू झाला. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याची कबर आहे.

आज पिस्तुलाची पुंगळी भरणारा काय बघतो?

ज्या देशांत रीलोडिंग कायदेशीर आहे तिथला नेमबाज पहिली निवड अजूनही तीच करतो: बॉक्सर पुंगळ्या ठेवायच्या, बर्डन बाजूला काढायच्या. त्यानंतरचे फरक बॉक्सर प्रायमरमधले.

आकार: पिस्तुलासाठी दोन आकार आहेत. स्मॉल पिस्टल ४.४५ मिलिमीटरचा, लार्ज पिस्टल ५.३३ मिलिमीटरचा. नाइन एमएम आणि पॉइंट थर्टी एट स्पेशलला छोटा लागतो. पॉइंट फोर्टी फाइव्हला परंपरेने मोठा, पण हल्ली त्याच्या काही पुंगळ्या छोट्या खळग्याच्याही येतात. एका ढिगात दोन्ही मिसळले की यंत्र अडकतं. बर्डन प्रायमरचे आकार मात्र कितीतरी आणि बाजारात मिळायलाही अवघड. तो मागे पडण्याचं हेही एक कारण.

पिस्तूल की रायफल: पिस्तुलाची फायरिंग पिन तुलनेने हलका फटका मारते, म्हणून पिस्तुलाच्या प्रायमरची वाटी पातळ असते. रायफलमध्ये दाब जास्त, म्हणून तिथली वाटी जाड. रायफलचा प्रायमर पिस्तुलात घातला तर तो पेटेलच याची खात्री नाही, आणि पिस्तुलाचा रायफलमध्ये घातला तर वाटी फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. मोठ्या आकाराचा रायफल प्रायमर उंचीलाही जास्त असतो. पिस्तुलाच्या पुंगळीत तो बाहेर डोकावतो आणि हे धोक्याचं.

साधा की मॅग्नम: मॅग्नम प्रायमरची ज्वाला जास्त जोरकस असते. सावकाश जळणाऱ्या, पेटायला जड दारूसाठी तो असतो. साध्याच्या जागी मॅग्नम वापरला तर दाब बदलतो, म्हणून रीलोडिंगच्या पुस्तकात ज्या प्रायमरवर प्रयोग झाला तोच वापरायचा, हा नियम.

गंज: जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि लोखंड गंजतं. समुद्रकाठच्या घरातल्या खिडकीच्या गजांसारखंच. पाऱ्याचं संयुग असलेले प्रायमर तर पितळच ठिसूळ करायचे. १९२० च्या दशकानंतर शिशाच्या संयुगावर आधारलेले, गंज न आणणारे प्रायमर आले. जुनी लष्करी काडतुसं बरीचशी बर्डनची आणि गंज आणणारी असल्याने बर्डन म्हणजे गंज असा समज पसरला. तो चुकीचा आहे. गंज रसायनाने येतो, ऐरण कुठे बसवली आहे याने नाही.

भारतात मात्र हा घरगुती छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना असला म्हणून काडतूस भरण्याचा परवाना मिळत नाही.

नाव कुणाचं राहिलं?

बर्डन आणि बॉक्सर यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद नेमबाजांच्या मैफलीत अजून रंगतो. खरं तर दोघांनी एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं दिली. ऐरण पुंगळीत ठेवायची की टोपीत, एवढाच फरक. कुठलं उत्तर कुठे चालेल हे ठरवलं ते पुंगळी उचलून घरी नेणाऱ्याने आणि ती तिथेच टाकून पुढे जाणाऱ्याने.

ज्या माणसाला त्याचे सहकारी प्रसिद्धीचा हावरा म्हणायचे, त्याचं नाव शेवटी त्याच्या लढायांनी टिकवलं नाही. ते टिकलं बोटाच्या नखाएवढ्या एका पितळी टोपीमुळे. आणि ज्या देशासाठी त्याने हिरव्या गणवेशाची पलटण उभी केली, त्या देशातला नेमबाज रिकाम्या पुंगळ्यांच्या ढिगातून बर्डनची पुंगळी आजही आधी वेचून बाजूला काढतो.